पुणे ते सासवड, तेही एकादशीला : आमच्या दिंडीची सोय कशी होती

पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच, पण चार का दिले ते आधी सांगायचं आहे, कारण ते मी सहज दिलेले नाहीत.

मी बार्शीची. ३४ वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, आता निवृत्त. माउलींच्या पालखीबरोबर ही माझी पाचवी वारी आणि ही माझी तिसरी दिंडी. पालखीच्या रथामागून चालणारी दिंडी आहे. माणसं साधारण ३००, त्यांत निम्म्याहून जास्त बायका, आणि बायकांत साठीच्या पुढच्याच जास्त. आळंदी ते पंढरपूर भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, माणशी ३,५०० रुपये. त्यात दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा-न्याहारी, ट्रकमध्ये सामान आणि रात्रीची राहुटी. दिंडीचं नाव आणि क्रमांक इथं देत नाही. तक्रार मी दिंडीप्रमुख महाराजांना समोर बसून सांगितली आहे, ती चारचौघांत त्यांच्या नावावर चिकटवायची नाही. ज्यांना पुढच्या वर्षी पहिल्यांदा वारीला जायचं आहे आणि दिंडी कशी पारखायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दिंडी पारखायची तर पुण्याच्या मुक्कामात पारखावी. आळंदीहून निघतानाचा उत्साह सगळ्यांकडेच असतो. पुण्यात दोन रात्री मुक्काम, लोक घरोघरी बोलावून जेवू घालतात, पाय चेपून देतात, चांभारदादा रस्त्याच्या कडेला बसून फुकट चपला शिवून देतात. शरीर सैल पडतं. आणि त्यानंतरचा टप्पा सगळ्या वाटेतला सर्वांत मोठा: पुणे ते सासवड, ३० किलोमीटरच्या वर, आणि २० किलोमीटर चालून झाल्यावर समोर दिवे घाट. हा टप्पा बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो. म्हणजे सगळ्यांत लांब चाल, सगळ्यांत मोठी चढण आणि उपवास, हे तिन्ही एकाच दिवशी. आदल्या रात्री दिंडी काय करते आणि काय करत नाही, यावर तुमचा पुढचा पंधरवडा ठरतो.

तीन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका दिंडीत होते. वडकीच्या अलीकडे आमच्यातली एक बाई रस्त्यात खाली बसली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत, हाक मारली तर भलतंच उत्तर. लोक म्हणाले, ऊन लागलं. मी पर्समधलं यंत्र काढून बोटातलं रक्त तपासलं तर साखर ५१. सकाळी मधुमेहाची गोळी नेमानं घेतली होती आणि उपवास म्हणून पोटात फक्त चहा. चहासुद्धा बिनसाखरेचा, कारण मधुमेह! पाण्यात तीन चमचे साखर कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, पुन्हा पाजली, मग डोळ्यांत ओळख आली. त्या दिंडीत कुणाला कुठला आजार आहे याची नोंद कुणाकडेच नव्हती. तिची लेक पंढरपुरापर्यंत माझा हात सोडायला तयार नव्हती. त्या दिवसापासून दिंडी निवडताना मी एकच प्रश्न विचारते: एकादशीला गोळ्यावाल्यांना काय खायला घालता?

फोनवर हा प्रश्न ऐकून बऱ्याच जणांनी "साबुदाणा असतो की, भरपूर" असं सांगितलं. या दिंडीच्या महाराजांनी उलट मलाच विचारलं, "तुमच्या माहितीनं काय द्यायला पाहिजे?" मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. तिथंच मी ५०० रुपये आगाऊ पाठवले.

आता पुण्यातली ती दुसरी संध्याकाळ. उतारा एका शाळेत होता, वर्गातले बाक बाहेर काढून सतरंज्या अंथरलेल्या. सहा वाजता दिंडीतले दोन तरुण वही घेऊन वर्गावर्गात फिरले. नाव, वय, घरचा फोन, रोजची गोळी कशाची, उद्याची एकादशी कशी करणार. माझ्याकडे ते आले तेव्हा मी वही मागून पाहिली. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे २६ जण निघाले. रक्तदाबाचे तर मोजायची सोयच नव्हती, अर्धी दिंडी. त्याच वेळी प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठ्याची चिठ्ठी दिली, नाव आणि फोन लिहिलेली, वरून प्लास्टिक लावलेली, गळ्यात घालायला नाडी. दिवे घाटात माणूस चुकला तर कसाबसा सासवडला पोचतो आणि रात्री समाज आरतीच्या वेळी, म्हणजे सगळ्या दिंड्या तळावर जमून करतात त्या आरतीला, हरवल्या-सापडल्याच्या पुकाऱ्यात त्याचं नाव येतं. ज्याला लिहितावाचता येत नाही, फोन वापरता येत नाही, त्याच्यासाठी ती चिठ्ठी म्हणजे मोठा आधार आहे.

साडेसातला हरिपाठ, मग कीर्तन, आणि कीर्तन पाऊण तासात आटोपलं. कीर्तन लवकर संपल्याचं कौतुक मी करतेय याचं कुणाला वाईट वाटू नये. पहाटे अडीचला उठवायचं असेल तर नऊला दिवा मालवावा लागतो, आणि महाराजांनी तो खरोखर नऊला मालवला. पण त्याआधी ते जे बोलले ते मला लिहून ठेवावंसं वाटलं. म्हणाले, "वहीत ज्यांच्या नावापुढं गोळी लिहिली आहे, त्यांनी उद्या भाकरी खायची. लपून नाही, पंगतीत बसून. तुमची एकादशी मोडली असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठवा. माउलींनी तुम्हाला उद्या घाट चढायला सांगितलाय, आणि घाट पायांनी चढतात." सभेत थोडी चुळबुळ झाली. माझ्या शेजारी पाटोद्याकडच्या एक आजी बसल्या होत्या, ७४ वर्षांच्या, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या. त्यांचंही नाव वहीत होतं. त्या हळूच मला म्हणाल्या, "सिस्टरबाई, चाळीस वर्षांत एकबी एकादशी मोडली न्हाई मी." मी काही बोलले नाही. रात्री नऊ वाजता असल्या गोष्टीवर वाद घालून उपयोग नसतो.

दिवा मालवायच्या आधीचा अर्धा तास पायांचा. दिंडीनं यासाठी काही केलं नव्हतं, हे मी स्वतः केलं, पण व्हरांड्यात जागा, एक बल्ब आणि दोन बादल्या पाणी त्यांनी लगेच दिलं. पाय धुवायचे, आणि मुख्य म्हणजे बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करायच्या. ओल्या बेचकीत चिखल्या होतात आणि लोणंदपर्यंत चालणं मुश्कील होतं. टाचांना खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. नखं त्या रात्री कापायची नाहीत, ती तीन दिवस आधी सरळ कापलेली असावीत, कोपरे आत खोल न घेता. जिथं कातडं लाल होऊन चुरचुरतंय तिथं कागदी चिकटपट्टी लावायची, फोड येण्याआधी. फोड आलाच असेल तर तो सुईनं फोडून दोरा ओवून ठेवायची आपल्याकडची जुनी पद्धत कृपा करून सोडा. चिखलातून चालणाऱ्या पायात तो दोरा म्हणजे जंतूंना आत जायची वाट. आणि नवीन चपला घालून सासवडला निघू नका. माझ्या जाऊबाईंनी पुण्यात लक्ष्मी रोडवर छान सँडल घेतल्या होत्या, त्या मी ट्रकमधल्या पिशवीत टाकायला लावल्या आणि जुन्याच चपला घालायला लावल्या. त्या दिवशी त्या रागावल्या होत्या.

बायकांनी बायकांना सांगायची एक गोष्ट, जी कुठल्याच दिंडीत कुणी मोठ्यानं सांगत नाही: मांड्या घासतात. साडीच्या आत, घामानं, दहा किलोमीटरनंतर सोलवटतात, आणि लाजेनं कुणी बोलत नाही. परकराच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाला, सायकलवाल्या मुली घालतात तशी. आम्ही सतरा जणींनी घातल्या होत्या. एकीलाही त्रास झाला नाही.

खांद्यावरच्या पिशवीत मी काय घेतलं ते सांगते, कारण दिंडीच्या सूचनेत इथं एक चूक होती. त्यांनी सांगितलं, "सगळं ट्रकमध्ये टाका, मोकळं चाला." असं करू नका. ट्रक पुढं निघतो आणि संध्याकाळी तो कुठल्या गर्दीत अडकेल सांगता येत नाही. रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या, एक लिटरची पाण्याची बाटली, ओआरएसची तीन पाकिटं, मूठभर गूळ-शेंगदाणे, कोरडे सुती मोजे, एक पंचा, आणि पावसासाठी प्लास्टिकचा कागद, जो डोक्यावरून इरल्यासारखाही घेता येतो आणि बसायला अंथरताही येतो. सगळं मिळून पाण्यासकट अडीच किलोच्या आत. ओआरएसबद्दल बायका विचारतात, "उपासाला चालतं का?" त्यात मीठ आणि साखरच असते, धान्य नसतं, हे पाकिटावर वाचून दाखवलं की घेतात. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या पेल्यात घट्ट करून पिऊ नये, त्यानं उलट त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

पहाटे अडीचला टाळ वाजवून उठवलं. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. आणि इथं तो कापलेला गुण आला. १६० बायकांना शाळेतली चार शौचालयं, आणि आंघोळीला मैदानाच्या कोपऱ्यात ताडपत्रीचा आडोसा. ताडपत्री खांद्याइतकी उंच आणि एका बाजूनं उघडी, त्याच बाजूला रस्त्यावरचा दिवा. तरण्या मुली तर आंघोळ न करताच परत आल्या. म्हाताऱ्या बायकांनी लुगडी आडवी धरून एकमेकींच्या आंघोळी उरकल्या. मी दोन मुलींसाठी अशीच साडी धरून उभी राहिले. वारीतल्या स्वच्छतेसाठीच्या निर्मलवारी उपक्रमाची फिरती शौचालयं दोन गल्ल्या पलीकडं होती, पण अंधारात तिथवर कोण जाणार, आणि कुणी सांगितलंही नव्हतं. ३,५०० रुपयांच्या भिशीत आणखी १०० रुपये वाढवा, पण आठ फुटी ताडपत्री आणि चारही बाजू बंद हव्यात. लघवीला लागू नये म्हणून बायका रात्रीपासून पाणी पीत नाहीत आणि तशाच उन्हात चालतात. लघवीची जळजळ आणि ताप घेऊन फलटणपर्यंत पोचलेल्या किती जणी मी पाहिल्यात. आडोसा ही शोभेची गोष्ट नाही, ती औषधाइतकी गरजेची आहे. हेच मी महाराजांना सासवडच्या मुक्कामात सांगितलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं, उंचीसकट.

आता स्वयंपाकाबद्दल. आचारी रात्री एकलाच चूल पेटवून बसले होते. उपवासवाल्यांसाठी त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली नाही, यासाठी मी त्यांचे हात धरले असते. पहाटे चारला तेलतुपातली खिचडी पोटात दगडासारखी बसते आणि दहा वाजेपर्यंत तहान तहान करते. त्यांनी उकडलेली रताळी दिली, प्रत्येकाला दोन, शिवाय केळं आणि राजगिऱ्याचे लाडू. रताळं पिशवीत टाकता येतं, सांडत नाही, चालता चालता खाता येतं. इतकी साधी गोष्ट पाच वाऱ्यांत मी पहिल्यांदा पाहिली.

आणि दुसऱ्या बाजूला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि पातळ वरण. २६ पानं मांडली होती, त्याच पंगतीत, उपवासवाल्यांच्या समोरासमोर. आणि पानांवर कुणी बसेना. एकमेकांकडं बघत सगळे उभे. एकादशीच्या दिवशी वारीत, सगळ्यांदेखत भाकरीच्या पानावर बसायला किती जड जातं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तेव्हा आमचे विणेकरी बुवा पुढं आले. सत्तरी ओलांडलेले, गळ्यात वीणा. दिंडीत वीण्याला काय मान असतो ते वेगळं सांगायला नको, विणेकऱ्याच्या पाया पडूनच माणूस चालायला लागतो. त्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, पहिल्या पानावर मांडी घातली आणि म्हणाले, "मला बी गोळी हाय. वाढा." बस, एवढंच. पाटोद्याच्या आजी जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग पदर डोक्यावर नीट घेऊन त्यांच्या शेजारच्या पानावर बसल्या. बुवांनी "बोला पुंडलिक वरदे" म्हटलं आणि पंगत सुरू झाली. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत मधुमेहाच्या माणसांना पथ्य समजावायला मी किती तक्ते भिंतीवर चिकटवले असतील. त्या एका पानानं जे केलं ते त्यातल्या एकानंही केलं नसेल.

चालण्याचं फार लिहीत नाही, ते प्रत्येकानं आपल्या पायांनी पाहावं. पुण्यातून बाहेर पडताना वानवडीला शिंदे छत्रीपाशी आरती, मग हडपसर, जिथं तुकोबांची पालखी लोणी काळभोरच्या रस्त्याला लागते आणि आपण सासवडच्या. उरळी देवाचीला आमचा पाण्याचा टँकर उभा होता, नळाला गाळणी लावलेली. वडकीला दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, गोळीवाल्यांना परत भाकरी. तिथं मी २६ पैकी ज्यांना ज्यांना गाठता आलं त्यांची साखर तपासली. १९ जण सापडले, सगळ्यांत कमी ९२. घाट सुरू व्हायच्या आधी दिंडीनं वीस मिनिटं सगळ्यांना बसवलं, पाय वर करून. मग चढ. रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, खाली मस्तानी तलाव, आणि वळणावळणावर वरपासून खालपर्यंत नुसत्या पांढऱ्या टोप्या आणि रंगीत पदर. टाळकऱ्यांनी चढावर ठेका मुद्दाम संथ धरला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. दम लागला की माणूस ठेक्याला पाऊल लावतो, आणि ठेका धिमा असेल तर छातीही धिमी चालते. आजी तुळस घेऊन माझ्या पुढं दहा पावलं होत्या, सगळा घाट.

सासवडला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. ट्रक आला नव्हता, जे मी आधीच म्हटलं. रात्री साडेनऊला आला, आणि पिशव्यांना बांधलेल्या कागदी पट्ट्या भिजून सुटल्या होत्या, त्यामुळं तासभर शोधाशोध झाली. जाऊबाईंची पिशवी तर दुसऱ्या दिवशी, द्वादशीच्या पारण्यानंतर सापडली. रात्रीची गोळी ज्यांनी ट्रकात टाकली होती अशा तिघींना मी माझ्याकडची दिली असती, पण प्रत्येकीची गोळी वेगळी. आपापल्या गोळ्या खांद्यावर ठेवा. पिशवीवर नाव लिहायचं ते कापडावर, न पुसल्या जाणाऱ्या शाईनं, आणि ते टाके घालून शिवायचं.

पण राहुट्या उभ्या होत्या. आचाऱ्यांचा टेम्पो दुपारीच पोचला होता आणि त्यांनी चुलीवर दोन मोठी पातेली पाणी तापवून ठेवलं होतं. मला वाटलं चहासाठी. मी पेला घेऊन गेले तर आचारी म्हणाले, "सिस्टर, ते पायांचं हाय. मीठ टाकलंय. काल तुम्ही व्हरांड्यात बायकांचं पाय बघत व्हता ना, तवाच ठरवलं." आम्ही घमेली भरून घेतली आणि राहुटीच्या तोंडाशी बल्बखाली एकेकीला बसवत गेलो. ३१ जणींचे पाय पाहिले, फोड चौघींना. आजींचे पाय घमेल्यात ठेवले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि थोड्या वेळानं न उघडताच विचारलं, "उद्या बुवा परत बसतील का वं पंगतीला?" मी म्हटलं, उद्या द्वादशी आहे, उद्या सगळेच बसणार.